विचारून बसलेला माणूस

टेंभुर्णे सरांची आणि माझी पहिली गाठ एका रिकाम्या बसमध्ये पडली, आणि हा माणूस ठार वेडा आहे असं माझं पहिलं मत झालं. एकोणऐंशी सालची गोष्ट. भंडाऱ्याहून साकोलीला निघालो होतो. मांडीवर वळकटी, खिशात गणिताच्या शिक्षकाचा नेमणुकीचा कागद, आणि डोक्यात एकच विचार, की सहा महिन्यांत नागपूरला बदली करून घ्यायची. भर दुपारची वेळ. बसमध्ये ड्रायव्हर-कंडक्टर धरून आम्ही पाच माणसं असू. तेवढ्यात पांढऱ्या शर्टाचा, काटकुळा, चाळिशीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ चढला आणि थेट माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"का जी, येथं कोनी बसते काय?"

मी म्हणालो, "अहो, सगळी बसच रिकामी आहे. बसा की कुठंही."

"तसं नाई. मी या जागेचं विचारून रायलो."

"कोणी नाही."

"पक्कं?"

"पक्कं, बाप्पा, पक्कं!"

मग ते बसले. चष्म्याची एक काडी नव्हती, तिच्या जागी तांब्याची बारीक तार वळवून कानामागे अडकवलेली. मी तोंड खिडकीकडे केलं. वेड्यांशी बोलू नये, असं आमच्या घरी शिकवलेलं आहे.

लाखनीला बस भरली. पाय ठेवायला जागा उरली नाही. एक कडक इस्त्रीचा कंत्राटदार चढला, मागे त्याचा माणूस. माणसानं बसवर नजर फिरवली, सगळ्यांत किरकोळ प्रवासी निवडला आणि टेंभुर्णे सरांच्या खांद्याला हात लावला. "ए मास्तर, उठ जरा. सायबाले बसू दे."

सर म्हणाले, "मी विचारून बसलो."

"म्हंजे?"

"म्हंजे विचारून बसलो. या सायबाले विचारा." आणि बोट माझ्याकडे.

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. आली का पंचाईत! मी या जिल्ह्यात येऊन अजून दोन तास झाले नव्हते आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. पण खोटं कसं बोलणार? म्हणालो, "हो. विचारूनच बसलेत. दोनदा विचारलं."

कंत्राटदार साकोलीपर्यंत उभा राहिला. सर ना रागावले, ना त्यांनी विजयी चेहरा केला. चुन्याची डबी काढली, उघडली, आत चुना नव्हताच, सोल्डरिंगच्या तारेचं वेटोळं होतं. ते नीट आहे ना, एवढं पाहिलं आणि डबी खिशात परत ठेवली. साकोलीला उतरलो तर ते माझ्याच तंत्रशाळेच्या फाटकाकडे वळले. म्हणजे आता रोजची गाठ. मी कपाळाला हात लावला.

सर मूळचे कोंढ्याचे. पण सत्तरच्या दशकात त्यांचं नाव झालं ते सानगडीच्या बाजारात. तिथे त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, टिनाचं छप्पर, एक टेबल, आणि टेबलावर लोकांचे मुके झालेले रेडिओ. टपालानं शिकून त्यांनी परीक्षा दिल्या, आणि आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग निघाला तेव्हा त्यांना बोलावणं आलं. पण रीतसर पदवी नसल्यानं त्यांना दरवर्षी अकरा महिन्यांचाच हुकूम मिळायचा. कायम होण्याचा कागद इकडून तिकडे फिरत होता. आम्ही कालची पोरं कायम, आणि ज्यांच्याकडून आम्ही फ्यूज बांधायला शिकलो ते कच्चे. याची लाज मला तेव्हा जितकी वाटायला हवी होती तितकी वाटत नव्हती, हे आज कबूल करतो.

जागा विचारण्याची खोड मात्र बसपुरती नव्हती. लग्नाच्या पंगतीत विचारायचे, दवाखान्याच्या बाकावर विचारायचे, झाडाखाली कोणी नसलं तर आसपास नजर टाकून घ्यायचे. आमच्या शिक्षक-खोलीत त्यांची ठरलेली खुर्ची होती, तरी चहा उभ्यानंच प्यायचे. पोरं त्यांची नक्कल करायची. मीही करायचो, खोटं कशाला बोलू.

एकदा न राहवून विचारलं, "सर, हे काय आहे हो तुमचं? काहून विचारता प्रत्येक वेळी?"

ते हसले. म्हणाले, "मी नवदहा सालाचा असन. गावच्या शाळेत कार्यक्रम होता. तरट टाकलं होतं, मी पुढं जाऊन बसलो. एकानं बखोट धरून उठवलं. सगळ्याईच्या समोर. घरी येऊन लई रडलो. माय म्हने, उठवनाऱ्याले लाज नाई वाटली तं तुले कायले वाटते बे? मंग छप्पनले बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला. पन माया डोक्यात ते बखोट रायलंच. तवापासून ठरवलं. पयले विचाराचं. नाई म्हटलं तं उभं रायतो, मले उभं रायता येते. हो म्हटलं तं बसलो. मंग ते जागा आपली. मंग कोनाचाही बाप आला तरी उठाचं नाई."

त्यानंतर मी नक्कल करणं सोडलं.

त्र्याऐंशीच्या सुमारास आमच्याकडे ते यंत्र आलं. कॉम्प्युटर म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण त्याचंच पिल्लू. लाकडी पेटीत एक हिरवी पाटी, त्यावर किड्यांसारख्या काळ्या चिप्स, खाली गणकयंत्रासारखी बटणं आणि वर लाल उजेडाचे सहा आकडे. पडदा नाही, अक्षरं नाहीत. वर्गात चोवीस पोरं आणि यंत्र एक. सरांच्या बायकोनं त्याला भरतकामाचं आच्छादन शिवून दिलं, दोन मोर असलेलं. सर रोज सकाळी ते मोर काढून घडी घालत आणि संध्याकाळी परत पांघरत. आमचे प्राचार्य म्हणायचे, "टेंभुर्णे, पाळण्यात घाला आता त्याला."

या यंत्राची भानगड मी गणिताचा माणूस असूनही मला महिनाभर कळली नव्हती, ती सरांनी पोरांना तासाभरात समजावली. यंत्रात माहिती ठेवायला घरं असतात. आमच्या यंत्रात दोनशे छप्पन होती. प्रत्येक घराला पत्ता. पोरानं आपला प्रोग्राम आणि आपले आकडे या घरांत भरायचे. पण घरात पोरगं एकटं नाही. आधीपासून एक कारभारी राहतो. कंपनीनं एका चिपमध्ये कायमचा भरून पाठवलेला प्रोग्राम, त्याला म्हणायचं मॉनिटर. बटण कोणतं दाबलं ते तोच ओळखतो, लाल आकडे तोच पेटवतो. आणि आपली टिपणं ठेवायला त्यालाही त्या दोनशे छप्पनमधली थोडी घरं लागतात. ती घरं त्याची. तिथे आपण काही लिहिलं, की कारभाऱ्याची टिपणं पुसली. मग तो भ्रमिष्ट होतो आणि यंत्र बंद.

"मंग यंत्र आपल्याले अडवत कायले नाई, सर?" एका पोरानं विचारलं.

"मोठ्या मशीनमंधी कुंपन असते म्हंतात. तेथं प्रोग्रामनं कारभाऱ्याच्या घरात पाय टाकला का मशीनच हात धरते. आपल्या मशीनले कुंपन नाई. म्हून आपल्याले अक्कल ठेवा लागते." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "बियाण्याच्या ढोलीले हात लावाचा नाई."

हे वाक्य समजायला झाडीतल्या, म्हणजे या धानाच्या मुलखातल्या, पोराला वेळ लागत नसे. पुढच्या सालचं धानाचं बियाणं कणगीसारख्या ढोलीत भरून, वरून शेणानं लिंपून टाकतात. घरात खायचे तांदूळ संपले तरी ती ढोली कोणी फोडत नाही. कुलूप नसतं तिला.

पत्ते सोळाच्या हिशोबानं मोजायचे. त्याला सरांकडे यंत्र लागत नसे. चार बोटं, प्रत्येकावर तीन पेरं आणि चौथं टोक, झाले सोळा. अंगठा सरसर फिरायचा. आमच्या आयाबाया दिवस मोजतात तसे ते पत्ते मोजायचे, आणि त्यांची पोरंही. साकोलीच्या बसस्टँडवर एखादं पोरगं स्वतःशी पुटपुटत पेरं मोजताना दिसलं, की लोक समजायचे जप चाललाय. मी समजायचो, टेंभुर्ण्यांचा चेला.

आणि मग ती भिंत. सरांनी मुरली पेंटरला बोलावलं. मुरली म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा, राजवाडा, जंगल, रस्ता, तिन्ही त्याचे प्रसिद्ध. सरांनी त्याच्याकडून प्रयोगशाळेच्या भिंतीवर दोनशे छप्पन घरं ऑइलपेंटनं काढून घेतली. आडव्या सोळा ओळी, एका ओळीत सोळा घरं, पत्ते खालून वर चढत गेलेले. खालच्या तेरा ओळी हिरव्या, पोरांच्या. वरच्या तीन लाल, कारभाऱ्याच्या. मधे जाड पिवळी रेघ. मुरलीला एवढ्यावर राहवेना, त्यानं चारी कोपऱ्यांत कमळं काढली. "सुनं सुनं वाटते सर," म्हणाला.

त्या भिंतीसमोर पोरं उभी राहून बोट फिरवत, आपला प्रोग्राम कुठे बसेल ते ठरवत. सर मागे उभे. "हे घर कोनाचं?" "मायं." "पक्कं?" "पक्कं, सर." मगच यंत्राला हात. आणि या तेरा ओळींत पोरानं काही केलं, चुकीचं केलं, येडंगबाळं केलं, तरी सर बोलायचे नाहीत. "त्याची जागा हाय. करू द्या." असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. आम्ही बाकीचे पोरांच्या वहीत त्यांच्याआधी आपलं उत्तर लिहून मोकळे होणारे.

आता वनिता लंजेची गोष्ट सांगायची, कारण तिच्याशिवाय हे सगळं नुसतं कौतुक होईल.

वनिता सानगडीची. बाप धान लावणारा, सज्जन पण शब्दाचा पक्का. पोरीनं हट्ट केला म्हणून त्यानं तिला तंत्रशाळेत घातलं. वर्गात तेवीस पोरं आणि ही एकटी पोरगी. बापानं पहिल्याच दिवशी प्राचार्यांसमोर सांगितलं होतं, "पास होत गेली तं शिकन. एक डाव नापास झाली का लगीन. मंग मले कोनी समजवाले येऊ नोका." पोरगी काटेकोर होती. बाकीची पोरं प्रोग्राम संपला की त्याच्या पाठीलाच आकडे चिकटवून मोकळी व्हायची. ही म्हणायची, प्रोग्राम वाढला तर आकड्यांवर चढेल. म्हणून ती आकडे दूर, अगदी पिवळ्या रेघेखालच्या शेवटच्या हिरव्या ओळीत ठेवायची. सर खूश. "पाहा जी," मला म्हणायचे, "देल्लेली जागा पुरी वापरनारी हे एकच पोट्टी हाय."

शहाऐंशीच्या थंडीत यंत्र बिघडलं. सर ते मांडीवर घेऊन बसनं नागपूरला गेले आणि चार दिवसांनी तसेच मांडीवर घेऊन परत आले. कारभाऱ्याची चिप बदलून मिळाली होती, सोबत इंग्रजीतला एक छापील कागद. यंत्र सुरू झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. कागद सरांनी ड्रॉवरमध्ये जुन्या कागदावर ठेवला. जुना त्यांना पाठ होता, भिंतीवरच होता की! नवा कशाला वाचायचा?

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून परीक्षक आले होते, शिस्तीचे, पण वाईट नव्हेत. वनिताला प्रश्न आला, दिलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. सरावाला ती आठ आकडे घ्यायची. परीक्षकांनी सोळा दिले. तिनं भिंतीकडे पाहिलं, पेरं मोजली, प्रोग्राम भरला, आणि शेवटच्या हिरव्या ओळीत आकडे टाकायला लागली. एक, दोन, तीन... नववा टाकला आणि लाल दिवे भलतेच पेटले. बटणं मेली. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं, पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि घंटा झाली.

"सर, मी भिंत पाहूनच लिवलं," ती म्हणाली.

परीक्षक म्हणाले, "उत्तर आलं नाही तर मी मार्क कशाचे देऊ, बाई?"

आणि टेंभुर्णे सर, ज्यांच्याबद्दल मी इतका वेळ गोडवे गातो आहे, ते तिला म्हणाले, "तुयंच कुठी तरी चुकलं असन. घातला असन हात ढोलीत."

मी दारातच होतो. मी तिचा चेहरा पाहिला. नापास झाल्याचं तिला तेवढं लागलं नाही जेवढं हे वाक्य लागलं. तिनं ओढणीनं हात पुसले आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत डोकावलो तर सर यंत्रासमोर उभे. हातात वनिताच्या उत्तरपत्रिकेची कच्ची प्रत. त्यांनी रात्रभर झोप घेतली नव्हती की काय कोण जाणे, डोळे लाल.

"सर, बिघाड झाला असेल यंत्रात," मी म्हणालो.

"बिघाड असा हिशोबी नसते. तिन्ही डाव नववाच आकडा. बिघडलेली मशीन कवा तिसऱ्याले मरन, कवा बाराव्याले." त्यांनी माझ्यासमोर आकडे भरले. आठ गेले. नववा टाकला, यंत्र मेलं. मग तेच सोळा आकडे त्यांनी दोन ओळी खाली भरले. प्रोग्राम सुरू केला. क्षणात सोळाच्या सोळा सुतासारखे लागले. पोरीचा प्रोग्राम बिनचूक होता.

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, नवा कागद काढला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागले. एका ओळीवर बोट थांबलं. नव्या चिपमधल्या कारभाऱ्याला जास्त टिपणं लागत होती. वरच्या तीन ओळींशिवाय त्यानं वरून चौथ्या ओळीतली शेवटची आठ घरं घेतली होती. म्हणजे आमच्या भिंतीवर जी ओळ हिरवी होती, तिची अर्धी बाजू थंडीपासून लाल झालेली होती. कागदात स्वच्छ लिहिलं होतं. आठ आकड्यांपर्यंत वनिता आपल्या जागेत होती, नवव्याला दुसऱ्याच्या. आणि बाकीची पोरं तिकडे कधी फिरकलीच नाहीत, म्हणून कोणाला पत्ता नाही.

सर स्टुलावर बसले. न विचारता बसले. मी पहिल्यांदाच पाहिलं ते.

"ते पोरगी विचारून बसली होती," ते म्हणाले. "भिंतीले विचारून. मले विचारून. मी म्हटलं, पक्कं. अना मीच तिचं बखोट धरून उठवलं."

जरा वेळानं ते उठले, माठातलं पाणी प्याले आणि सायकल काढली. एप्रिलचं ऊन, डांबर वितळत होतं. मीही दुसरी सायकल घेऊन मागे. सानगडीला पोचेपर्यंत माझ्या जिभेला कोरड पडली. लंज्यांच्या अंगणात वनिताचा बाप खाटेवर होता. तो उठला. "या सर, बसा."

सर उभेच. "नाई. आज बसत नाई. पोरीले बलवा."

वनिता दारात आली. सर बापासमोर, आईसमोर, कुंपणावरून डोकावणाऱ्या दोन शेजारणींसमोर म्हणाले, "तुयं बरोबर होतं. सारं बरोबर होतं. मायं चुकलं. मी तुले दुसऱ्याची जागा देल्ली, अना वरून तुलेच बोललो. माफ कर, वनिता."

त्या काळात शिक्षकानं विद्यार्थ्याची माफी मागणं म्हणजे नदीनं उलटं वाहणं. त्यातून पोरीची. ती रडायला लागली. बाप गोंधळला. "अना आता काय, सर? मी तं पावन्याईले निरोप धाडला."

"मले एक महिना द्या. निरोप थांबवा. महिन्याभरात तिची परीक्षा झाली नाई तं मी आडवा येत नाई."

बाप खाटेवर परत बसला. "देल्ला महिना," म्हणाला.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. प्राचार्य चांगला माणूस, त्यांनी युक्ती सुचवली, "टेंभुर्णे, यंत्रात बिघाड होता असं लिहू. कोणाच्याच अंगाला लागणार नाही." पण यंत्र बिघडलं होतं म्हटलं, तर चोवीसच्या चोवीस पोरांची परीक्षा रद्द होणार. पोरं गावोगाव पांगलेली, फेरपरीक्षा थेट दिवाळीला. वनिताचा महिना केव्हाच संपलेला. एकट्या तिची परीक्षा पुन्हा घ्यायची तर एकच वाट होती, तिला चुकीची सूचना दिली असं शिक्षकानं सहीनिशी लिहून देणं. आणि सरांचा कायम होण्याचा कागद, सात वर्षं फिरून, त्याच जूनमध्ये सहीला जाणार होता.

मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, जरा थांबा. जूननंतर लिहा. एवढ्या वर्षांचं आहे तुमचं."

"अना पोरीचं?"

"तिचं बघू काहीतरी."

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढ्यात ओढला. म्हणाले, "मशीननं तं सांगतलं होतं, सर. कागद देल्ला होता. मीच वाचला नाई. बेमान मशीन नाई." आणि तिथेच टेबलाशी उभ्यानं लिहून दिलं. मी ते पत्र वाचलं आहे. चार ओळींचं होतं. कारण नाही, सबब नाही, 'अनवधानाने' हा शब्दसुद्धा नाही. 'नवीन कागद मी वाचला नाही. विद्यार्थिनीला मी चुकीची हद्द सांगितली. ती माझ्या सांगण्याप्रमाणे वागली.'

पत्र आणि मांडीवर यंत्र घेऊन ते नागपूरला परीक्षकांच्या घरी गेले. परीक्षक म्हणाले, "पण त्याच यंत्रावर बाकीचे पास झाले." सर म्हणाले, "बाकीच्याईनं देल्लेली जागा वापरलीच नाई. हिनं वापरली." आणि नववा आकडा टाकून यंत्र मारून दाखवलं, मग दोन ओळी खाली चालवून दाखवलं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि शिफारस लिहिली.

महिना भरायला दोन दिवस असताना वनिताची परीक्षा झाली. यंत्रासमोर येऊन ती उभी राहिली आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, शेवटचं हिरवं घर कोनतं, ते तुम्ही सांगा." परीक्षक हसले नाहीत. उठले, भिंतीपाशी गेले, बोट ठेवून दाखवलं. मग तिनं बटणाला हात लावला. या वेळी सोळाच्या सोळा लागले.

सरांचा कायमचा कागद मात्र परत आला. त्या चार ओळींचं पत्र त्याला जोडलेलं होतं. आणखी दोन वर्षं अकरा महिन्यांचा हुकूम. मी चिडलो, आदळआपट केली. ते म्हणाले, "जाऊ द्या सर. मले उभं रायता येते."

मुरली पेंटरला पुन्हा बोलावलं. आठ घरं लाल झाली, पिवळी रेघ सरकली. मुरली म्हणाला, "जुनी रेघ अशी गडप करतो का कोनाच्या बापाले समजनार नाई." सरांनी हात धरला. "ते राहू दे. तिच्यावर काट मार. अना खाली लिव, ही रेघ चुकीची होती. चूक शिकवणाऱ्याची."

"सर, पडद्यावर आपली चूक कोनी रंगवते का जी?"

"लिव बे."

मुरलीनं लिहिलं. सवयीप्रमाणे शेजारी कमळ काढायला गेला, तेवढं सरांनी काढू दिलं.

माझे सहा महिने दहा वर्षं चालले. एकोणनव्वदला बदली झाली. शेवटच्या दिवशी शिक्षक-खोलीत निरोपाचा चहा होता. त्याच दिवशी वनिता लंजे आमच्याकडे निदेशक म्हणून, म्हणजे प्रात्यक्षिकं शिकवायला, रुजू झाली. पुढचं शिकून, मुलाखत देऊन आलेली. बापानंच सायकलवर सोडलं होतं. ती आली आणि दारातच थांबली. आत नऊ पुरुष, नऊ खुर्च्या, सगळ्या ठरलेल्या. कोणी मुद्दाम काही केलं नाही, पण कोणी काही बोललंही नाही. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही तिकडं प्रयोगशाळेतच बसत जा, तिथं स्टूल आहे."

टेंभुर्णे सर कपबशी घेऊन उभे होते. ते वळले आणि माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"का जी सर, उद्यापासून येथं कोनी बसते काय?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. "कोणी नाही."

"पक्कं?"

"पक्कं, सर."

मग त्यांनी बाकीच्या सातही जणांकडे एकेक करून पाहिलं. "तुमच्यापैकी कोनाची हाय? आताच सांगा." कोणी बोललं नाही. "मी विचारलं हं. सगळ्याईच्या समोर विचारलं." आणि दाराकडे वळून म्हणाले, "ये वनिता. बस."

ती आली. खुर्ची जराशी ओढली आणि बसली.

"आता कोनी उठ म्हटलं तं उठाचं नाई."

"नाई उठत, सर," ती म्हणाली.

माझी वळकटी रिक्षात टाकून मी फाटकातून मागे वळून पाहिलं. खिडकीत माझ्या खुर्चीवर वनिता होती, समोर रजिस्टर उघडून काही लिहीत होती. आणि तिच्या मागे, भिंतीला टेकून, टेंभुर्णे सर उभ्यानं चहा पीत होते.